वसूल होईपर्यंत

महाराष्ट्रातील शहरांत, आणि त्यातही पुण्या-मुंबईत, माफक दरात पोटभर जेवू घालण्याबद्दल ज्या भोजनगृहांची ख्याती आहे, त्यांच्याविषयी जे कौतुकाने लिहिले-बोलले जाते ते बहुतांशी तिथल्या आमटीविषयी, अळूच्या फदफद्याविषयी किंवा मालकाच्या तुसडेपणाविषयी असते. त्या आमटीसमोर जो बसतो त्याच्या मनःस्थितीचा विचार सहसा कोणी करत नाही. ही उणीव भरून काढणे आवश्यक आहे, कारण अमर्याद थाळी, म्हणजे ठरलेले पैसे एकदाच मोजून हवे तितक्या वेळा वाढून घेता येणारे ताट, समोर येताच एरवी सुज्ञ, कमावता आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभा असलेला गृहस्थ स्वतःच्या भुकेवर विसंबणे सोडून देतो आणि भिंतीवरच्या दरपत्रकावर विसंबू लागतो. पोट भरले की थांबावे हा नियम तो घरी ठेवून आलेला असतो. पैसे वसूल झाले की थांबावे असे त्याने ठरवलेले असते, आणि ते नेमके कितव्या पोळीला वसूल होतात हे कोणत्याही पंचांगात दिलेले नसल्यामुळे तो थांबू शकत नाही.

या भोजनगृहांचा पूर्वेतिहास पाहिला तर वसुलीची ही वृत्ती त्यात आढळत नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार बिऱ्हाड गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहत आणि महिन्याच्या बोलीने खानावळीत जेवत. खानावळ म्हणजे बहुधा आसपासच्या चाळीतल्याच एखाद्या बाईचे स्वयंपाकघर असे, आणि तिचे पैसे पगाराच्या दिवशी चुकते होत. अशा खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे, सावकाराच्या दारात जावे लागू नये, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पुण्यात मूकपटांच्या काळापासून चित्रपट काढणाऱ्या नानासाहेब सरपोतदारांनी १९३५ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाउस सुरू केले, तर माटुंग्याच्या स्थानकाजवळ ए. रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून केळीच्या पानावर जेवू घालत आले आहे; या बोर्डिंगांचा अंथरूण-पांघरुणाशी संबंध नाही, तिथे जेवायचे आणि उठायचे. या सर्वांचा मुख्य ग्राहक एकटा, घरापासून दूर राहणारा आणि रोज येणारा असे. रात्री पुन्हा याच पाटावर बसायचे आहे हे ज्याला ठाऊक असते तो दुपारी भुकेपुरते खातो. वर्षातून चारदा सहकुटुंब येणारा आजचा ग्राहक मात्र मागची थकबाकी आणि पुढची आगाऊ रक्कम अशा दोन्ही हिशेबांनी जेवतो.

त्याची तयारी आदल्या रात्रीपासून सुरू होते. उद्या दुपारी थाळीला जायचे आहे हे निश्चित झाले की रात्रीचे जेवण ‘हलके’ केले जाते, सकाळचे पोहे नाकारले जातात आणि घरातील मुलांनाही दुपारपर्यंत बिस्किटाला हात लावण्याची मनाई होते. “अहो, निदान एक केळं तरी खा, पित्त होईल,” असे गृहिणीने म्हटले तर “केळ्याने जागा अडते” असे उत्तर मिळते. हे उत्तर देणारा माणूस सरकारी नोकरीत वर्ग दोनचा अधिकारी असू शकतो. बारा वाजता त्याला पित्त होते, साडेबाराला डोके दुखू लागते, आणि एक वाजता, म्हणजे भूक मरून गेल्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने, सर्व कुटुंब भोजनगृहाच्या दारात पोहोचते तेव्हा तिथे आधीच आलेली दहा-बारा कुटुंबे अशाच मरून गेलेल्या भुका घेऊन उभी असतात.

वहीत नाव लिहून बाहेर थांबायचे ही सुधारलेली पद्धत झाली. जुन्या ठिकाणी अजून खुर्ची धरण्याची चाल आहे. खुर्ची धरणे याचा अर्थ, ज्याचे जेवण संपत आल्यासारखे दिसते अशा अनोळखी माणसाच्या पाठीमागे जाऊन उभे राहणे आणि तो काय खातो आहे याची मोठ्याने नोंद ठेवणे. “ह्यांचा भात झाला वाटतं.” “नाही, मागचा भात यायचाय, ताक घेतलंय अजून हातात.” मानेवर चार माणसांची नजर रोखलेली असताना वरणभात कालवणे ही कसोटी असते, आणि तिला दोनच प्रकारांनी तोंड देता येते: मुंबईकर शेवटचा भात टाकून उठतो, पुणेकर आणखी एक पोळी मागवतो.

आत प्रवेश मिळाल्यावर प्रथम भिंतीवरील मजकुराचा परिचय होतो. ताटात अन्न टाकल्यास जादा आकार पडेल, पार्सल मिळणार नाही, ताटात हात धुवू नयेत, जेवण झाल्यावर गप्पा मारत बसू नये, एका ताटात दोघांनी जेवू नये, अशा अर्थाच्या या पाट्या उद्धटपणाचे नमुने म्हणून प्रसिद्ध असल्या तरी त्या पुराव्यांच्या नोंदी म्हणून वाचल्या पाहिजेत, कारण प्रत्येक पाटीमागे ती लिहायला लावणारा एक ग्राहक होऊन गेलेला असतो. एका ताटाविषयीची पाटी तर रोज नव्याने सार्थ ठरते. नवरा एक थाळी सांगतो. बायको पर्स मांडीवर घेऊन समोर बसते.

“ताई, तुमचं ताट लावू?”

“मला नको, मला भूक नाहीये. मी नुसती बसलेय.”

“नुसतं बसायलाही ताट लागतं, ताई.”

यावर तो गृहस्थ मालकाला बोलावतो, मालक पाटीकडे बोट दाखवतो, शेजारच्या टेबलावरचे लोक आपले ताट थांबवून निकालाची वाट पाहतात, आणि अखेर दुसरे ताट लागते. भूक नसलेली ती बाई मग नवऱ्यापेक्षा दोन पुऱ्या अधिक खाते आणि या व्यवहारात पुढे जो काही थोडाफार फायदा नोंदवला जातो तो तिच्याच खात्यावर असतो.

वाढण्याचा क्रम हा या विषयाचा गाभा होय. मराठी ताटात मीठ, लिंबू, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर डावीकडे, भाजी आणि उसळ उजवीकडे, असा संकेत आहे. तो स्टीलच्या खणांच्या ताटातही बहुधा पाळला जातो. काय कुठे वाढायचे हे परंपरेने ठरवले असले तरी काय केव्हा वाढायचे हे मालकाने ठरवलेले असते. ग्राहक टेकतो न टेकतो तोच बटाटेवडा येतो, त्यामागोमाग गरम पुरी येते, बटाट्याची भाजी येते आणि मठ्ठ्याचा पेला भरला जातो. सकाळपासून उपाशी असलेला माणूस यावर तुटून पडतो. पहिल्या सात मिनिटांत पुरीवाला तीनदा येऊन जातो आणि प्रत्येक वेळी इतक्या प्रेमाने “गरम आहे, साहेब” म्हणतो की नाही म्हणणे माणुसकीला धरून होणार नाही असे वाटते. प्रौढ माणसाच्या जठरात सुमारे एक ते दीड लिटर ऐवज मावतो आणि पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण वीस मिनिटे लागतात, असे शरीरशास्त्र सांगते. म्हणजे वसुलीसाठी आलेल्या माणसाच्या हातात वीस मिनिटे असतात, आणि त्यांतली निम्मी तो मैदा आणि बटाटा यांवर खर्च करून बसतो. पनीरची भाजी, भरली वांगी आणि अळूचे फदफदे, म्हणजे ज्यांच्यासाठी तो आलेला असतो ते पदार्थ, येतात तेव्हा वर्दी पोहोचलेली असते.

गोड पदार्थ वाढणारा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पोळी, भात आणि आमटी वाढणारे सतत फिरत असतात, पुन्हा पुन्हा तेच टेबल गाठतात, बोलावले नाही तरी येतात. बासुंदीचे पातेले घेतलेला इसम मात्र दालनाच्या दुसऱ्या टोकालाच दिसतो. तो दिसतो हे खरे, परंतु जवळ येत नाही. त्याला हाक मारली तर तो मान हलवतो, आणि मान हलवणे व येणे या दोन क्रियांच्या मधे एवढा काळ जातो की ग्राहक नाइलाजाने पुन्हा पोळी घेतो. एकदाचा तो आलाच तर अंगठ्याच्या पेराइतक्या खोल वाटीत अर्ध्यावर बासुंदी घालतो आणि “दुसऱ्यांदा घ्याल तर वेगळे पैसे” हे वाक्य पुढच्या टेबलाकडे वळत वळत उच्चारतो, त्यामुळे ते कोणाला उद्देशून आहे हे कळत नाही आणि वादही घालता येत नाही. अमर्याद या विशेषणातून गोड वगळलेले आहे, हे दारावरच्या फलकावर लिहिलेले असते. फक्त ते बारीक अक्षरांत आणि कुंडीच्या मागे असते.

याउलट नको असलेली वस्तू थांबवणे हे जवळपास अशक्य आहे. पंगतीतला आग्रह मराठी माणसाच्या अंगात इतका मुरला आहे की पहिले ‘बास’ हे वाढप्याच्या कानी केवळ शिष्टाचार म्हणून पडते. दुसऱ्या ‘बास’ला तो हसतो. तिसऱ्या वेळी ग्राहक ताटावर आडवा हात धरतो. तोवर आमटीचे ओगराळे, म्हणजे उभ्या दांड्याचा खोलगट डाव, कललेले असते आणि आमटी बोटांच्या फटींतून नियोजित स्थळी पोहोचते. “अहो, बास म्हटलं ना!” “थोडीच घातली, साहेब, पातळ आहे.” ‘थोडे’ या शब्दाचे वाढप्याकडे एकच माप असते आणि ते त्याच्या हातातल्या पळीएवढे असते. भाताच्या बाबतीत तर ‘थोडासा’ असे म्हणणाऱ्याच्या पानात मूद नव्हे, टेकडी उभी राहते, आणि मग त्याची नजर आपोआप जादा आकाराच्या पाटीकडे जाते. इथून पुढचे जेवण तो दंड वाचवण्यासाठी जेवतो.

इतके वाढूनही मालक बुडत कसा नाही, हा प्रश्न ग्राहकाला भाताच्या दुसऱ्या घासाला हटकून पडतो. त्याचे उत्तर असे, की अमर्याद थाळी हा विम्याचा धंदा आहे: सर्वांनी सारखा हप्ता भरायचा आणि नुकसान थोड्यांनीच करायचे. जागेचे भाडे आणि नोकरांचा पगार हा मोठा खर्च ताटामागे बसून गेलेलाच असतो. त्यावर जादा वाढलेल्या भाताचा आणि वरणाचा भार त्या मानाने किरकोळ असतो. शिवाय दोन फुलके खाऊन “माझं डाएट आहे” असे सांगणारी कचेरीतली तरुणी, शंभर वेळा विचारूनही फक्त पापड खाणारे सहा वर्षांचे मूल आणि दातांची कवळी घरी विसरून आलेली आजी यांच्या ताटांचे पूर्ण पैसे गल्ल्यात पडलेले असतात. त्या तरुणीने न खाल्लेल्या पोळ्या पलीकडचा पैलवान खातो, आणि दोघांची ओळखही नसते. पैलवानाची मालकाला धास्ती नसते, कारण पैलवान जोरात सुरू होतो आणि लवकर संपतो. धास्ती असते ती काटक, शिडशिडीत, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांची. ते एकटे येतात, कोपऱ्यातली जागा धरतात, बटाटेवडा परत पाठवतात, पुरीला नुसता नमस्कार करतात आणि थेट वरणभातापासून आरंभ करतात. त्यानंतर सावकाश, प्रत्येक भाजीचा रीतसर समाचार घेत, मधला भात आणि मागचा भात यांच्या दरम्यान वर्तमानपत्राची एक घडी उलगडत, ते जे जेवतात त्यात घाई नसल्यामुळे त्याला शेवटही नसतो. पाऊण तासाने गल्ल्यावरून दबका आवाज येतो, “आजोबांना मठ्ठा दे रे.” आजोबा मठ्ठा घेतात आणि त्यासोबत मसालेभात मागतात.

अमर्याद थाळी परवडत नाही त्यांच्यासाठी राइस प्लेट आहे. उडिपी हॉटेलांत दुपारी ठरावीक वेळेत मिळणारे हे ठरावीक ताट असते, त्यात पुऱ्या किंवा चपात्या मोजून येतात आणि भाताची वाटी उपडी घातलेली असते. तिथे वसुलीला वाव अर्थातच कमी असतो, तरीही तो शोधला जातो. सांबार पुन्हा मागता येते, चटणी पुन्हा मागता येते, आणि कांदा व लिंबू हे तर आपले जन्मसिद्ध हक्क आहेत अशी ग्राहकाची समजूत असते. २०१९ च्या डिसेंबरात कांद्याचा किरकोळ भाव किलोला १०० रुपयांच्या पलीकडे गेला तेव्हा या हक्कावर गदा आली आणि बशीत मुळा व कोबी दिसू लागले. पगारवाढ वर्षभर रखडली तरी न बोलणारी माणसे त्या मुळ्याकडे पाहून मॅनेजरला बोलावत होती. मिसळीच्या दुकानांत पुण्यात ज्याला सॅम्पल आणि कोल्हापुरात कट म्हणतात त्या जादा रश्श्याचीही हीच कथा आहे: मिसळ मागवायची ती निमित्तापुरती, जेवायचा तो रस्सा. कोल्हापूरकरांनी हा प्रश्न मांसाहारातही मोठ्या शहाणपणाने सोडवला आहे. तिथल्या थाळीत मटणाचे पीस मोजून येतात, तांबडा आणि पांढरा रस्सा मात्र मागाल तितका मिळतो, आणि पाहुणा वाटीमागून वाटी ओरपत असताना आपण मटणच भरपूर खात आहोत असा त्याचा प्रामाणिक समज होतो. घाम पुसत तो उठतो तेव्हा मालकाची उदारता त्याच्या डोळ्यांत अक्षरशः पाणी आणते.

चायनीजच्या गाडीवर भांडणाचे कारण उलट असते, कारण तिथे एक प्लेट किती जणांना पुरते हे कोणालाच सांगता येत नाही. “फुलमध्ये किती येतं?” “दोघांना होतं.” “आणि हाफमध्ये?” “ते पण दोघांना होतं.” ट्रिपल शेजवान राइस, म्हणजे भात, नूडल्स आणि लाल रस्सा यांचा एकत्र ढीग, चौघांत दोन मागवावेत की तीन, यावर इतकी चर्चा होते की तेवढ्या वेळात घरी खिचडी शिजली असती, शेवटी सुरक्षितता म्हणून तीन मागवले जातात, दीड उरतो, आणि तो पार्सल करून घरी नेऊन फ्रिजमध्ये बुधवारपर्यंत जपला जातो.

शासनाने जेव्हा स्वस्त थाळी द्यायची ठरवली तेव्हा अमर्यादपणाचा मोह कटाक्षाने टाळला. २६ जानेवारी २०२० रोजी महाराष्ट्रात सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत दहा रुपयांत प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असे माप ठरवून देण्यात आले. तिथे रांगेत उभा असलेला हमाल किंवा रुग्णाच्या उशापायथ्याशी रात्र काढून आलेला नातेवाईक ताट घेतो, जेवतो आणि कामाला जातो. कितव्या चपातीला वसूल झाले याचा विचार त्याला करावा लागत नाही, कारण चपात्या दोनच असतात आणि भूक खरी असते. चारशे रुपयांची थाळी खाऊन बाहेर पडणाऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र आपण थोडक्यात फसलो असा भाव असतो.

त्या भावाचा उगम बिलात असतो. बिलावर पाच टक्के जीएसटी लागलेला पाहून ग्राहकाला पुन्हा भुकेची आठवण होते. पाण्याच्या वेळी “साधं की बिसलरी?” या प्रश्नाला त्याने बाणेदारपणे “साधं!” असे उत्तर दिलेले असते, तेव्हा त्या बाजूने काही सापडत नाही, मग उरतो तो गल्ल्यावरचा बडीशेपेचा वाडगा. तिथे छोटासा चमचा ठेवलेला असतो, तो कोणी वापरत नाही. बडीशेप मुठीने घेतली जाते, खडीसाखर वेचून घेतली जाते, काही कागदी रुमाल आणि दात कोरायच्या काड्या खिशात जातात, आणि मुलांनाही “घे, घे, फुकट आहे” असे प्रोत्साहन मिळते. घरी आल्यावर “आता रात्री कोणालाच काही नको” अशी घोषणा होते, म्हणजे एका जेवणाच्या पैशांत दोन जेवणे उरकल्याचे समाधानही हिशेबात धरले जाते. साडेनऊ वाजता कोणीतरी “नुसता दहीभात लाव गं थोडा” म्हणते. दहा वाजता ईनोची पुडी फोडली जाते आणि तिचे पैसे कोणीही थाळीच्या खर्चात मिळवत नाही.

महिन्याच्या बोलीने जेवणारा ग्राहक या रोगापासून मुक्त असतो असे वर म्हटले, त्याला एक अपवाद नोंदवणे भाग आहे. पुण्याच्या पेठांत आणि कोथरूड-कर्वेनगर भागात विद्यार्थ्यांच्या ज्या मेस चालतात, तिथला सभासद आठवडाभर त्याच फ्लॉवर-बटाट्याविषयी तक्रार करत मोजून चार पोळ्या खातो आणि गावी गेला तर जितकी जेवणे चुकली तितक्यांचे खाडे धरावेत, म्हणजे तेवढे पैसे वळते करावेत, यासाठी मावशींशी नेटाने झगडतो.

“मावशी, माझे चार खाडे झाले.”

“आधी सांगितलं होतंस का? न सांगता गेलास तर खाडा धरत नाही. आणि परवा तुझा मित्र तुझ्या नावावर जेवून गेला, त्याचं काय?”

असा हा संयमी जीव रविवारी दुपारी फीस्टला, म्हणजे पुरी, श्रीखंड, मसालेभात आणि बटाट्याची भाजी असलेल्या आठवड्याच्या खास जेवणाला बसला की थाळीवाल्या गृहस्थाच्याही पुढे जातो. शनिवारी रात्री तो जेवत नाही, रविवारी सकाळी उठत नाही, बारा वाजता पहिल्या पंगतीला हजर होतो आणि बावीस पुऱ्यांनंतर मावशी कढईखालचा गॅस बंद करतात तेव्हाच थांबतो. मग खोलीवर जाऊन जो झोपतो तो आठ वाजता जागा होतो, आणि त्याला सपाटून भूक लागलेली असते. रविवारी रात्री मेस बंद असते. नव्या सभासदांनी याची नोंद घ्यावी.